इतिहास सर्वांना सक्तीचा असावा काय?

गेल्या महिन्यात रजा काढून दोन दिवस मुंबईला जाणे झाले. लालबागला माझी थोरली बहीण चाळीत राहते. तिची मुलगी परळ भागातल्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं उरकल्यावर भाची वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "मामा, आमच्याकडे वादविवाद स्पर्धा आहे. विद्यापीठातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना इतिहास सक्तीचा करावा की नाही, असा विषय आहे. मी विरोधात बोलणार आहे. मला मुद्दे सांग."

मी पडलो शेतीखात्यातला माणूस. पदविका केली, त्यात माती होती, बियाणे होते, खते होती, इतिहास नव्हता. त्यामुळे विरोधातले मुद्दे मला पटापट सुचले. मी म्हटलं, लिही. पहिला मुद्दा, दहावीपर्यंत इतिहास सक्तीचा असतोच, मग पुन्हा कशाला? दुसरा, इतिहास शिकून कुणाला नोकरी लागत नाही आणि आंब्याचा मोहोरही टिकत नाही. तिसरा, जो विषय सक्तीचा होतो तो मुलं गाईड वाचून पास होतात आणि विसरतात. चौथा, सरकार बदललं की इतिहासाचं पुस्तक बदलतं, मग सक्ती कुणाच्या इतिहासाची करायची?

भाची खूश झाली. तेवढ्यात मोरीजवळ भांडी विसळत असलेली बहीण म्हणाली, "आणि आजोबांच्या पेटीची गोष्ट? ती पण सांग की तिला."

मी गप्प झालो. ती गोष्ट मी गावात कुणाला फारशी सांगत नाही. आज वाचकांना सांगतो, कारण प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पत्र्याची पेटी

आमचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असे घर शोधून सापडायचे नाही, ज्या घरातला एक तरी माणूस गिरणीत नव्हता. गावच्या खोलीत पंधरा-वीस जण, खानावळीत जेवण, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणे आणि महिन्याला मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरीवर आपली गावे जगली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. तो संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तसाच विरत गेला. आजोबा वाट बघून गावी परत आले ते कायमचेच. येताना एक पत्र्याची पेटी घेऊन आले. त्या पेटीत गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबरचा कागद, विम्याचं कार्ड, फंडाच्या पावत्या असं सगळं होतं. ते गेल्यावर पेटी माळ्यावर पडून राहिली.

मी पदविका करत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत घराची शाकारणी काढली. माळा रिकामा करताना ती पेटी खाली आली. आत वाळवी लागली होती. मी, घरातला शिकलेला मुलगा, त्यातले कागद चाळले, 'हे काय कामाचे' म्हणालो आणि न्हाणीच्या चुलीत घातले. पेटी भंगारवाल्याला दिली.

पुढे २०१०-११ साली शासनाने गिरणी कामगारांकडून आणि त्यांच्या वारसांकडून घरांसाठी अर्ज मागवले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो किंवा त्याचा वारस पात्र. मोठ्या संख्येने अर्ज आले. आम्ही कागद कुठून आणणार? आजोबांचा तिकीट नंबरही कुणाला आठवेना. घर लॉटरीत लागलं असतं की नसतं, ते नशिबाचं. पण आमचा अर्ज नशिबापर्यंत पोहोचलाच नाही. यात दोष कुठल्या कचेरीचा नव्हता. दोष माझा होता. मला कागद वाचता येत होते, पण त्यांचा काळ वाचता येत नव्हता.

हे सांगून झाल्यावर भाचीने विचारलं, "मग मामा, तुला कॉलेजात इतिहास असता तर तू ते कागद जाळले नसतेस?" प्रश्न सरळ होता. मी तिला म्हटलं, सनावळ्या पाठ करायला लावणारा इतिहास असता तर नक्कीच जाळले असते. दुसऱ्या तऱ्हेचा असता तर कदाचित नसते जाळले. ही दुसरी तऱ्हा कोणती, हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

आज नियम काय आहे?

आधी सध्याची स्थिती बघू. आपल्याकडे दहावीपर्यंत इतिहास सर्वांना आहे. अकरावीपासून तो निवडीचा होतो. विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाचा त्याच्याशी संबंध सुटतो तो सुटतोच. नवीन शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि २०२४-२५ पासून राज्यातल्या विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षापासून लागू झाले. त्यात मुख्य विषयाबरोबर काही गोष्टी सर्वांना कराव्या लागतात. पर्यावरण, राज्यघटनेसारखे मूल्यशिक्षणाचे विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली वगैरे. इतिहास मात्र ज्याने मुख्य किंवा दुय्यम विषय म्हणून घेतला त्यालाच. बाकीच्यांना खुल्या निवडीत कॉलेजने ठेवला असेल आणि त्यांनी निवडला असेल तरच.

म्हणजे सक्ती ही काही नवी गोष्ट नाही. मुंबई विद्यापीठात पूर्वी 'फाउंडेशन कोर्स' नावाचा विषय कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांना असायचा. पर्यावरणाचा विषय तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे देशभर सर्वांना लागू झाला. त्याचे पुढे काय झाले ते आपल्या मुलांना विचारा. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, वरचे नाव बदलायचे आणि फाईल द्यायची. नदीच्या प्रदूषणावर प्रकल्प लिहिणारा मुलगा त्याच संध्याकाळी निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली टाकतो. सक्तीने विषय वहीत जातो, डोक्यात जाईलच असे नाही. शेतीखात्यात आम्ही हे रोज बघतो. उद्दिष्ट पुरे करायला वाटलेली रोपं पावसाळा संपेपर्यंत जगत नाहीत, आणि शेतकऱ्याने स्वतः पैसे मोजून आणलेलं कलम तो उन्हाळ्यात घागरीने पाणी घालून जगवतो.

सक्तीशिवाय शिकणारी माणसं

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला गेलो होतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जे लोक येतात, त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही कितीतरी असतात. लाखोंनी येतात, शिवाजी पार्कात रांगेत उभे राहतात आणि परत जाताना हातात पुस्तकांची पिशवी असते. त्यांतले बरेचसे शेतमजूर, रोजंदारीवाले. त्यांना कुठल्या विद्यापीठाने इतिहास सक्तीचा केला होता? कुणीच नाही. आपले आजचे हक्क कुठून आले हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते वाचतात.

आपल्या कोकणातल्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक असायला हवे. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी, कुळे, मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा घेऊन गेले. त्याआधी १९३३ पासून अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला होता. खोताची जमीन कसायची नाही म्हणून त्यांनी सहा वर्षे शेते पडीक ठेवली. त्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. आज आपण ज्या सातबाऱ्यावर पीककर्ज उचलतो, त्या सातबाऱ्यामागे ही सगळी माणसं उभी आहेत.

आता हा इतिहास न कळल्याने काय होते, ते माझ्या कामातले सांगतो. फळबाग लागवडीच्या योजनेसाठी एक पदवीधर तरुण माझ्याकडे आला. सातबारा काढला तर कब्जेदार म्हणून दुसऱ्याचेच नाव आणि या मुलाच्या आजोबांचे नाव इतर हक्कात, कूळ म्हणून. मुलगा भडकला. तलाठ्याने पैसे खाऊन नाव बदललं म्हणून थेट तक्रार करायला निघाला. जुने फेरफार काढून बघितले तेव्हा उलगडा झाला. जमिनीची किंमत ठरली होती, पण ती पुरी भरून कलम ३२ म चे प्रमाणपत्र घेण्याचे काम आजोबांकडून राहून गेले होते. नाव कुणी बदललेच नव्हते. ते कधी लागलेच नव्हते. त्या मुलाला संगणक चांगला येत होता, इंग्रजी येत होते, पण १ एप्रिल १९५७ ला काय झाले हे ठाऊक नव्हते. त्या एका तारखेच्या अज्ञानापायी तो निरपराध माणसावर आळ घेणार होता आणि स्वतःचे काम आणखी लांबवणार होता.

मनोरा कुणाच्या कापसाचा?

विद्यापीठाच्या मुलांनाच हे का शिकवायचे, असे कुणी म्हणेल. त्यावर माझे म्हणणे असे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या फोर्टमधल्या आवारात राजाबाई टॉवर आहे, तो १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आईच्या नावाने त्यासाठी देणगी दिली. हा पैसा कुठला? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या देशातल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेतकऱ्यानेही त्या भावावर विसंबून कर्ज उचलले. युद्ध संपले, १८६५ ला भाव कोसळले. सारा मात्र वाढलेला आणि सावकाराचे व्याज चालूच. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले आणि ते लोण नगर जिल्ह्यात पसरले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला.

ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या किती मुलांना माहीत आहे? परदेशातल्या घडामोडीने आपल्या मालाचा भाव कसा वर जातो आणि कसा पडतो, याचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात आहे? आज काजूबीचा भाव बाहेरून येणाऱ्या बीमुळे पडला की आपण बागेत उभे राहून नशिबाला बोल लावतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यानेही तेच केले होते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, रयतेची मुले अडाणीच राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. आज रयतेची मुले त्या विद्यापीठात पोहोचली आहेत. पोहोचल्यावर त्यांनी आपण कुठून आलो तेवढे तरी जाणून घ्यावे, ही अपेक्षा जास्त आहे काय?

लालबागचेच उदाहरण घ्या. गणपतीत आपली तरुण पोरं एस.टी.ने जाऊन दहा-बारा तास 'राजा'च्या रांगेत उभी राहतात. १९३२ मध्ये तिथला पेरू चाळीचा बाजार बंद झाला, कोळी बांधव आणि भाजीवाले उघड्यावर आले, बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला आणि तो फळल्यावर १९३४ मध्ये हा गणपती बसवला, असे तिथले लोक सांगतात. म्हणजे तो मूळचा बाजारपेठेसाठी झगडणाऱ्या लहान विक्रेत्यांचा गणपती. हे कळून रांगेत उभे राहिले तर दर्शनात उणे काही पडणार नाही, उलट आपल्या तालुक्याच्या बाजारात कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवालीकडे बघण्याची नजर बदलेल.

भांडणाचा इतिहास आणि पुराव्याचा इतिहास

सक्तीला माझा सर्वांत मोठा विरोध चौथ्या मुद्द्यावर होता. इतिहास कुणाचा? आज गावागावांत मोबाईलवर इतिहास येतो. कुणी कुणाला फितूर म्हणतो, कुणी कुणाचे स्टेटस ठेवतो आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर राहणारी घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. पोलीस पाटील आणि सरपंच यांना रात्री-अपरात्री उठून समजूत घालायला जावे लागते. अशा दिवसांत इतिहास आणखी सक्तीचा केला तर आगीत तेल पडेल, अशी भीती वाटते. ती खोटी नाही.

पण विचार केल्यावर मला असे दिसते, की हीच गोष्ट सक्तीच्या बाजूनेही बोलते. इतिहास कॉलेजात नाही म्हणून तो मुलांपर्यंत पोहोचायचा थांबला आहे काय? तो पोहोचतोच आहे, फक्त बिनपुराव्याचा. शेतकरी बियाणे घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी बघतो, लॉट नंबर बघतो, बिल मागतो. तसेच समोर आलेल्या गोष्टीबद्दल 'हे कुणी लिहिले, कधी लिहिले, त्याला कागद काय' एवढे तीन प्रश्न विचारायची सवय मुलाला लागली तरी पुष्कळ झाले. २०१८ साली दहावीचे पुस्तक बदलले, त्यात इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास आला. सुरुवात चांगली झाली आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला ते जेवढे कळेल तेवढेच. मतदान करणाऱ्या, घराचे कागद हातात येणाऱ्या मुलाला ते पुन्हा एकदा शिकवायला हवे.

आणखी एक आठवण देतो. २०२० च्या मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी यायला लागले तेव्हा आपल्याच माणसांच्या वाटेवर काही गावांनी काटेरी फांद्या टाकल्या. माझी ड्यूटी शाळेतल्या विलगीकरणात होती. चार पिढ्या ज्यांच्या मनीऑर्डरीवर खाल्ले, त्यांना पाणी द्यायला माणूस मिळेना. १८९६ च्या प्लेगमध्येही लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले होते. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे. साथ येते, माणसं घराकडे धावतात, भीती पसरते, लस येते, साथ जाते. हे एकदा घडून गेले आहे एवढे जरी ठाऊक असते तरी त्या फांद्या टाकताना आपला हात थोडा थांबला असता, असे मला वाटते.

मग करावे काय?

माझे मत आता असे झाले आहे. विद्यापीठाच्या प्रत्येक शाखेला, शेतीच्या पदविका-पदवीला सुद्धा, इतिहास सक्तीचा असावा. पण तो एकाच सत्राचा, दोन श्रेयांकांचा असावा आणि त्याला तीन अटी असाव्यात.

पहिली अट, त्याला पाठांतराची लेखी परीक्षा नको. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातला किंवा गावातला निदान पन्नास वर्षांपूर्वीचा एक कागद शोधावा. जुना फेरफार, गहाणखत, सोसायटीची पावती, गिरणीचे कार्ड, काहीही चालेल. तो कागद कोणत्या कायद्याने, कोणत्या घटनेने जन्माला आला ते त्याने सांगावे. झेरॉक्सवाल्याकडे दुसऱ्याच्या आजोबांचा कागद विकत मिळणार नाही. कागद नसेल त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहावे आणि ते दुसरीकडे पडताळून बघावे.

दुसरी अट, आधी आपल्या भागाचा इतिहास, मग देशाचा आणि जगाचा. गिरगाव-परळच्या कॉलेजने गिरण्या, चाळी आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा शिकवावा, रत्नागिरीच्या कॉलेजने खोती आणि मनीऑर्डर शिकवावी, विदर्भाने कापूस शिकवावा.

तिसरी अट, शिकवायला इतिहासाचाच प्राध्यापक हवा. ज्याचा तास रिकामा आहे त्याच्या गळ्यात हा विषय मारायचा असेल, तर मग नकोच. तो पर्यावरणाच्या वाटेने जाईल.

या तीन अटी पाळायची तयारी नसेल तर मी माझ्या भाचीच्या बाजूने, म्हणजे सक्तीच्या विरोधातच मत देईन. नुसता एक पेपर वाढवून गरिबाच्या मुलाची परीक्षा फी वाढवण्यात अर्थ नाही.

विद्यापीठ काय करील ते करील. आपल्या हातात आहे तेवढे आपण आजच करू शकतो. शेतकरी बंधूंनी यंदा शाकारणी किंवा रंगकाम काढताना जुने कागद टाकून देऊ नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवावेत आणि मोबाईलवर फोटो काढून मुलांकडे द्यावेत. ग्रामपंचायतीने एक वही घालावी आणि गावातले कोण कोण मुंबईला कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते, ते हयात म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसं दर पावसाळ्यात कमी होत आहेत.

भाचीची स्पर्धा झाली. ती विरोधात बोलली आणि तिला दुसरा नंबर मिळाला. फोनवर ते सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मामा, पणजोबांच्या खोलीवरचं कुणी अजून गावात आहे का? गणपतीला आले की मला त्यांच्याशी बोलायचंय." एक म्हातारबाबा आहेत खालच्या वाडीत. सध्या बरे असतात. तिला म्हटलं, गणपतीपर्यंत थांबू नकोस, येत्या रविवारीच ये.